माझ्या हद्दीतलं पाणी

११ मार्च २०२४

नवीन काम सुरू करताना लिहून ठेवावं, म्हणजे पुढे कोणी आपल्याला खोटं पाडू शकत नाही. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं काढली, तिथे एवढं एकच शिकलो. तोंडी बोललेलं हवेत जातं, कागदावरची रेघ राहते.

तर कागदावर घेतो. मी अनंत दामोदर सबनीस, वय सहासष्ट, राहणार धरमपेठ, पाण्याचा धंदा सुरू करत आहे. आपल्या विहिरीचं पाणी शुद्धीकरणाच्या मशीनमधून काढून, थंड करून, वीस लिटरच्या जारमध्ये भरून विकायचं.

'आपल्या विहिरीचं' लिहिलं ते चुकलं. आपल्या अर्ध्या विहिरीचं.

२००६ साली बाबा गेले आणि प्लॉटची वाटणी झाली, अर्धा माझा, अर्धा थोरल्या भावाचा, म्हणजे मधुकररावांचा. हद्दीची रेघ मीच आखली. ती नेमकी विहिरीच्या मधून गेली. दुसरा कोणी असता तर त्याने विहिरीपाशी रेघ वाकडी केली असती. मी विहिरीच्या तोंडावर दोन लोखंडी गर्डर टाकले आणि त्यांच्यावरून सरळ भिंत नेली. इकडे अर्धचंद्र, तिकडे अर्धचंद्र, दोन्हीकडे एकेक रहाट. गवंड्याने असं काम जन्मात केलं नव्हतं. तो नंतर आपल्या सासऱ्याला दाखवायला घेऊन आला होता.

त्या वेळी दादा म्हणाला होता, "तुले जी बाजू पाहिजे ती घे." मी पूर्वेची घेतली, तिकडे सावली जास्त. पुढे भिंत झाल्यावर फेरमोजणी केली तर ती सहा इंच माझ्यात आलेली. ते मी दादाच्या कानावर घातलं. तर म्हणे, "तू टेप घेऊनच जन्माले आला का गा?" चारचौघांत म्हणाला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. अठरा वर्षं झाली. माझी काही तक्रार नाही.

१४ मार्च

मालवाहू टेम्पोवाला रविंद्र येऊन गेला. जार पोचवायचं काम तो करणार. चाळिशीचा आहे, पण बोलतो असा की आपणच शाळेत आहोत असं वाटावं. म्हणाला, "काका, लोकं पानी विकत नाही घेत. भरोसा घेतेत. आपल्याले पानी नाही बनवाचं, भरोसा बनवाचा आहे."

परवान्याचं विचारलं. त्यावर म्हणे, "सीलबंद बाटलीले परवाना लागते. जारले झाकन लागते." हे कायद्याच्या कोणत्या कलमात आहे ते त्याला माहीत नाही, पण सगळे असंच करून राहिले म्हणतो. मला जरा खटकलं. मात्र मागच्या गल्ल्यांत एप्रिल लागला की नळाची धार करंगळीएवढी होते, टँकरपुढे भांडणं होतात. लोकांना पाणी मिळतंय ना, ही एक प्रकारची सेवाच आहे.

१९ मार्च

मशीन बसलं. बसवणाऱ्याने आधी विहिरीचं पाणी तपासलं. त्यात काहीच दोष निघाला नाही. तो थोडा हिरमुसला. म्हणाला, "काही हरकत नाही साहेब, तरी काढू काहीतरी."

तीन बादल्या आत गेल्या की एक बादली शुद्ध पाणी बाहेर येतं आणि दोन बादल्या नालीत जातात. हे सगळीकडे असंच असतं. बायको, प्रेमलता, उभी राहून पाहत होती. म्हणाली, "म्हणजे चांगलं पाणी नालीत सोडायचं आणि उरलेलं विकायचं?" मी तिला प्रक्रिया समजावून सांगितली. पुन्हा म्हणाली, "हो, तेच म्हणून राहिले मी."

मशीनचं पाणी प्यायलो. कसलीच चव नाही. आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे, बाबांच्या वेळी आलेला पाहुणा दुसरा तांब्या मागून घ्यायचा. तुरीची डाळ त्यात लोण्यासारखी शिजते. ती सगळी गोडी मशीनने काढून घेतली. शुद्धतेची हीच खूण असं माहितीपत्रकात आहे.

५ एप्रिल

आज प्रयागबाईला समज दिली. ती आमच्याकडे आणि दादाकडे अशी दोन्ही घरची धुणीभांडी करते. संध्याकाळी जाताना आमच्या रहाटावरून दोन गुंड, म्हणजे दोन कळशा, पाणी भरून वस्तीत नेते. बारा वर्षांपासून नेते, त्यांच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. आता व्यवसाय म्हटल्यावर बाहेरची भांडी विहिरीत जाणं स्वच्छतेच्या दृष्टीने बरं नाही. तसं मी सौम्यपणे सांगितलं.

ती म्हणाली, "आमच्या गुंडानं विहीर बाटते का साहेब?"

मी म्हटलं, "तसं नाही, बाई."

"तसं नाही, तर कसं?"

मी मोटर बघायला वळलो. आता ती भिंतीपलीकडून, दादाच्या अर्ध्यातून पाणी नेते. तो माझ्या हद्दीबाहेरचा विषय आहे.

९ एप्रिल, गुढीपाडवा

शुभारंभ झाला. जार इतवारीच्या बाजारातून आणले, लेबलंही तिथेच छापली: 'दामोदर शीतजल'. वडिलांचं नाव आणि खाली एका विहिरीचं चित्र. चित्रकाराने पूर्ण गोल विहीर काढली. मी त्याला सांगत होतो की आपली अर्धी आहे, पण तो म्हणाला, अर्धी विहीर लोकांना टोपलीसारखी दिसेल.

पहिल्याच दिवशी बावीस घरं मिळाली. माहितीपत्रकासाठी मी बाटलीबंद पाण्याचा छोटासा इतिहासही लिहून काढला. आधी मोठ्या हॉटेलांत काचेच्या बाटल्या आल्या. पाणी विकत घेतात म्हणून लोक हसले. मग स्टेशनवर प्लास्टिकच्या आल्या, तेव्हा लोकांनी हसणं सोडून वर झाकण नीट लागलंय का ते बघायला सुरुवात केली.

खरं सांगायचं तर आमच्या घरात या उद्योगाचा उगम त्याच्याही आधीचा. दादा पोस्टात होता तेव्हापासून कुठेही जाताना विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेतो. नळाचं पाणी त्याच्या घशाखाली उतरत नाही. माझ्या लग्नात वऱ्हाडासोबत काटोलला आला तो खांद्याला दोन बाटल्या अडकवून. सगळा मांडव हसला, मला मान वर करवेना. त्याच्या त्या बाटल्यांवर कोणी लेबल लावलं असतं, तर तो आज कुठे असता! पण त्याला धंद्याची दृष्टी नाही. इतिहासात त्याचं नाव घातलेलं नाही.

१२ एप्रिल

प्रेमलता विहिरीवर फार वेळ लावते. विचारलं तर म्हणे, स्तोत्र म्हणते. असेल. अर्ध्या विहिरीत आवाज चमत्कारिक घुमतो. ती एक ओळ म्हणते आणि थोड्या वेळाने खालून दुसरीच ओळ ऐकू येते, तीही बाईच्या आवाजात. आज तर प्रतिध्वनी आधी हसला आणि ही नंतर हसली. माझा डावा कान कमी ऐकतो, कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवायला हवं.

२० एप्रिल

मागणी वाढते आहे. पाणी मात्र रोज हातभर खाली चाललं. मी भिंतीच्या फटीतून पाहिलं. दादाकडे मोटर नाही, दोर आणि बादलीच. दोन म्हातारी माणसं आणि प्रयागबाईचे दोन गुंड. एवढ्याने पाणी असं उतरत नाही. ते चोरून काहीतरी करत असतील.

मी माझ्या अर्ध्यातलंच पाणी घेतो. मोटरचा पाइप माझ्या बाजूला, हद्दीच्या रेघेपासून मोजून दोन फूट आत सोडला आहे. रविंद्र हसत होता. म्हणाला, "काका, पान्याले तुमची रेघ दिसते का?" शिक्षण कमी असलं की असं होतं.

२४ एप्रिल

महत्त्वाचं काम पार पडलं. विहीर खोल करून घेतली. म्हणजे माझी.

काटोलकडचा शालिकराम हा जुना विहीर खोदणारा. दोन माणसं घेऊन आला. आधी मोटरने सगळं पाणी उपसून काढलं. मग मी वरून ओळंबा सोडला आणि तळाशी चुन्याची रेघ मारून घेतली. रेघेच्या अलीकडे चार फूट खोदायचं, पलीकडे एक ढेकूळही हलवायचं नाही. मी स्वतः खाली उतरत नाही, मला लहानपणापासून विहिरीत चक्कर येते. वरून टेप धरून बसलो होतो.

शालिकराम खालून ओरडला, "साहेब, इकडं निरा काळा कातळ हाये. तिकडच्या अंगाले खंदू द्या ना, तिकडं बरं हाये."

मी म्हटलं, "तिकडे आपली हद्द नाही."

खालून पहार टेकवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तुमची मर्जी. विहीर तुमची हाये." त्याच्या आवाजात आदर होता.

संध्याकाळी खड्ड्यात पाणी जमायला लागलं. सगळं माझ्याच बाजूला. प्रेमलतेने वाकून पाहिलं आणि विचारलं, "आणि मधुदादांकडे काय राहिलं?" मी म्हटलं, त्यांच्या हद्दीत जे आहे ते त्यांचं आहे, मी हात लावलेला नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मला वाटतं धूळ गेली असावी.

२६ एप्रिल

सकाळी भिंतीपलीकडे दादाची बादली खाली गेली आणि दगडावर आपटली. पुन्हा वर घेतली, पुन्हा सोडली. पुन्हा दगड. असं चार वेळा.

इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. पहिल्या दोन वेळा मला बरं वाटलं. नंतरच्या दोन वेळा नाही वाटलं.

नळ आहे की त्याच्याकडे. धार बारीक असली तरी दोघांच्या पिण्यापुरतं येतं. नळाचं पीत नाही हा त्याचा हट्ट, त्याला मी काय करू?

२९ एप्रिल

एक आनंदाची गोष्ट. प्रयागबाई आमची ग्राहक झाली! रोज एक जार नेते. रीतसर, सगळ्यांना पडतो त्याच दराने. धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही शुद्ध पाण्याचं महत्त्व पटलं, याहून मोठी पावती कोणती? पुढच्या माहितीपत्रकात तिचा फोटो घालावा असं मनात आहे. विचारलं तर म्हणाली, "माह्या फोटोचं काय कामच नाही."

जार डोक्यावर घेऊन ती फाटकातून डावीकडे वळते. तिची वस्ती उजवीकडे. डावीकडे फक्त दादाचं घर आणि मग रस्ता संपतो. उन्हाचं सावलीसावलीने जात असेल.

१० मे, अक्षय्य तृतीया

बाबांच्या नावाने घागर भरायचा दिवस. विहिरीच्या पाण्याने भरायची आमची पद्धत, पण मोटरने इतका गाळ ओढला की पाणी चहासारखं आलं. शेवटी जार उपडा करून घागर भरली. प्रेमलतेने नमस्कार केला आणि घागरीला म्हणाली, "बाबा, आज मशीनचं आहे, सांभाळून घ्या." तिचे असे विनोद मला आवडत नाहीत.

पलीकडून मीरावहिनीचा आवाज आला, दादाला सांगत होती की घागर भरली. कशाने भरली कोण जाणे. त्यांच्याकडे तर थेंब नाही.

दादा म्हणाला, "आजकाल पान्याले चवच नाही राहिली वं. उकळून ठेवते का तू?"

"हो," वहिनी म्हणाली. "उकळून, गाळून ठेवते."

बिचारी. एवढ्या उन्हाळ्यात पाणी उकळत बसते.

१५ मे

प्रेमलतेचं आणि माझं वाजलं. म्हणाली, रोज दोन तास मोटर बंद ठेवा, विहिरीला दम घेऊ द्या. मी वाटणीपत्र काढून दाखवलं. त्यात स्वच्छ लिहिलं आहे, 'विहीर निम्मी निम्मी'. ती म्हणाली, "पाण्याचं काय लिहिलंय?" मी सगळी पानं चाळली. पाण्याचं काहीच लिहिलेलं नाही. मसुदा माझाच आहे.

"तुमच्या दादांचं वय किती आहे माहीत आहे का?" तिने विचारलं.

"बहात्तर. दोन महिने कमी."

"तेवढं मोजता येते तुम्हाला," म्हणाली आणि विहिरीवर गेली. आज स्तोत्र नव्हतं. खालून रडल्यासारखा आवाज येत होता. एकाच बाईचा की दोघींचा, ते मला सांगता येणार नाही.

१९ मे

मोटरने हवा ओढली. घरघर करून बंद पडली. चार फूट खोल खड्डा आणि तळाशी वाटीभर चिखल.

सकाळी पाच मिनिटं मोटर चालते, रात्रीतून साचलेलं तेवढं घेते आणि संपते. त्यात तीन जार होतात. मागणी साठ घरांची आहे. रविंद्र म्हणाला, "टेन्शन काहून घेता काका? काटोल रोडवर एका शेतकऱ्याची बोअर आहे, टँकर बोलावतो. मशीनमधून काढलं की कोनाचं बी पानी सारखंच."

मी दुपारभर विचार केला. लेबलवर विहिरीचं चित्र आहे. पण 'हे पाणी याच विहिरीचं' असं कुठेही लिहिलेलं नाही. मी लेबल तीनदा वाचलं.

२१ मे

टँकर आला. साठ घरांत जार गेले. एकाचीही तक्रार नाही. उलट एकजण म्हणाले, आज पाणी जास्त गोड आहे. विहिरीचे ते तीन जार आम्ही घरात ठेवले, आमच्या पिण्याला. इतकी वर्षं ती सवय आहे.

तक्रार फक्त प्रयागबाईची. सकाळी नेलेला जार संध्याकाळी जसाच्या तसा परत घेऊन आली. दोन पेलेही कमी झालेले नाहीत. "हे पानी नाही पाह्यजे," म्हणाली. "हे आपल्या विहिरीचं नाही म्हनते."

"कोण म्हणते?"

ती प्रेमलतेकडे पाहायला लागली, प्रेमलता माझ्याकडे. मग प्रयागबाई म्हणाली, "माह्या घरी म्हनते."

वस्तीत राहून पाण्याच्या चवीचे नखरे! मशीनमधून गेल्यावर कोणाच्या बापाला फरक कळत नाही. मी तसं ऐकवलं. ती जार ठेवून निघून गेली. प्रेमलता जिन्यावर बसून राहिली, स्वयंपाकही उशिरा झाला.

२६ मे

नवतपाचा, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, दुसरा दिवस. पारा शेहेचाळीसवर. रस्त्यावर कुत्रंही नाही. घरात कूलर आग ओकतो.

चार-पाच दिवसांपासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते आज लक्षात आलं. दादा रोज सकाळी सहाला विहिरीपाशी खळखळून गुळण्या करतो. गेली अठरा वर्षं त्या आवाजाने माझी झोपमोड होते, मी प्रेमलतेकडे किती वेळा तक्रार केली असेल. आता येत नाही. तरीही सहालाच जाग येते आणि मी पडून वाट पाहतो. कशाची, ते लिहिण्यासारखं नाही.

घरातल्या आमच्या तीन जारांपैकी एक प्रेमलता उचलून पलीकडे द्यायला निघाली होती, मी अडवलं. म्हटलं, कळू दे त्याला, हात पुढे करू दे. मी नाही म्हणणार नाही. फक्त त्याने मागायला हवं.

"ते मागतील का?" तिने विचारलं.

नाही मागणार. आमच्या घरात कोणीच मागत नाही.

२८ मे

आज सकाळी अकराला प्रयागबाई धावत आली. चपलाही नव्हत्या पायात. "दादासाहेब पडले. अंगनात पडले. डोळे फिरवले त्याहिनं."

मी अठरा वर्षांनी त्या फाटकातून आत गेलो. दादा ओट्याजवळ पडला होता. ओठांना चिरा पडलेल्या, कातडी हाताला गरम कागदासारखी. आम्ही सहा जणांनी मिळून त्याला रविंद्रच्या टेम्पोत घातलं. उचलताना कळलं की तो किती हलका झाला आहे.

दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "हे पाणी पीत नाहीत का?" मीरावहिनीने तोंडात पदर कोंबला. मग माझ्या समोर, सगळ्यांच्या समोर बोलली. एप्रिलपासून प्रयागबाईच्या नावाने जार आमच्याकडून जात होता, दादाच्या माठात. त्यांची बादली कोरडी यायला लागली तेव्हा दोघी जावांनी हे ठरवलं. विहिरीत तोंड घालून ठरवलं. दादाला सांगितलं नव्हतं. 'आपल्याच विहिरीचं आहे, उकळलेलं आहे' म्हणून तो तीन आठवडे ते कसंबसं प्यायला. एकवीस तारखेला एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. 'हे आपलं नाही.' त्यानंतर दूध, ताक आणि गोळ्यांपुरतं दोन घोट नळाचं. या उन्हात, सात दिवस.

मी वहिनीला म्हटलं, "मला सांगायचं."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्हाले सांगाले तुम्ही बोलता का आमच्याशी?"

दुपारी दादा शुद्धीवर आला. नर्सने पाणी पुढे केलं, त्याने मान फिरवली. मी दाराआड उभा होतो, आत गेलो नाही. तिथून सरळ घरी आलो.

आमच्या घरातल्या जारांत विहिरीचं पाणी आहे, पण मशीनचं. त्याला ते नको होतं. मशीनच्या आधीचं हवं होतं. खड्ड्यात पाहिलं तर काही नाही. सकाळी सहा वाजता मीच मोटर लावून ओढून घेतलं होतं.

मग मी उतरलो. सहासष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. भिंतीतल्या लोखंडी कड्या धरून, तांब्या कमरेला बांधून. प्रेमलतेने वर दोर धरला होता.  चक्कर आली, मी डोळे मिटले, थांबलो, पुन्हा उतरलो. बाहेर आग होती आणि खाली अंगावर काटा येईल इतकं गार.

खालून वर पाहिलं तर माझी भिंत आकाशात एक काळी पट्टी दिसत होती. तिच्याखाली काही नव्हतं. मोकळी, गोल, एक विहीर.

माझ्या बाजूला शालिकरामने सांगितलेला काळा कातळ. खडखडीत. एक भेग नाही, ओल नाही. आणि पलीकडे, दादाच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर दगडांच्या सांध्यातून झरा येत होता. या उन्हाने आटून दोऱ्याएवढा उरलेला. दादाच्या दगडांवरून सरकत, चुन्याची रेघ ओलांडून, माझ्या खड्ड्यात.

सवयीने टेप खिशात होती. मी मोजलं. हद्दीपासून दोन फूट दहा इंच, पश्चिमेस. निर्विवाद दादाच्या हद्दीत. साठ घरांना मी जे विकलं, अठरा वर्षं मी जे प्यालो, ते सगळं तिथून आलेलं.

तांब्या झऱ्याला लावून बसलो. भरायला दोन तास लागले.

संध्याकाळी सहाला दवाखान्यात पोचलो. कपडे चिखलाचे, गुडघे फुटलेले. वहिनी उठून बाहेर गेली. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे. मी पेल्यात ओतलं, त्याच्या मानेखाली हात घातला आणि पेला तोंडाला लावला. तो एक घोट प्याला. थांबला. मग सगळा पेला प्याला, दुसरा मागितला. मागितला! हाताने, पेला पुढे करून.

 अठरा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलतात? मी म्हटलं, "दादा, झरा तुझ्या बाजूला आहे."

"माहीत आहे मले," तो म्हणाला. आवाज फाटलेला होता. "बाबासंग गाळ काढाले मीच उतरत होतो. तुले चक्कर येत जाय."

"मग वाटणीच्या वेळी बोलला काहून नाहीस? मी पूर्वेची बाजू घेतली तेव्हा?"

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "बोललो असतो, तर तू दुसऱ्या दिवसापासून ते पानी पेलाच नसता, अनंता."

मला म्हणायचं होतं की तसं काही नाही. पण ते खरं होतं. मी नसतो प्यालो. प्रेमलतेलाही पिऊ दिलं नसतं.

तांब्यात थोडं उरलं होतं. दादाने तो माझ्याकडे सरकवला आणि हाताने खूण केली, घे. मी प्यालो. चव नीट कळली नाही, कारण मी रडत होतो.